पाइपाच्या तोंडाशी

सेलूहून पाथरीला निघालेल्या एसटीत निकिता खिडकीशी बसली होती. शाळेत ती विज्ञान शिकवायची, म्हणून पुढच्या सीटवरचं दीर-भावजयीचं विहिरीच्या मोटारीबद्दलचं बोलणं कानावर पडताच तिनं मोबाइल खाली ठेवला.

"दैवशालावैनी, पाइप पानी ओढत न्हाई. मोटार आतली हवा काढती, पाइपात रिकामी जागा व्हती. मग भायेरची हवा हिरीतल्या पान्याला दाबती अन् पानी आत घुसतं. ह्यालाच सक्शन म्हन्त्यात."

अगदी बरोबर, निकिताला वाटलं.

"मंग सुग्रीवभाऊजी, परवा गाळ काढताना तुमचा हात पाइपाला चिकटला, तो?"

"पान्यानंच मागून ढकलला. तळवा पाइपाच्या तोंडावर झाकनावानी बसला."

"मोटार बंद केल्यावर सुटला म्हना."

"मोटार बंदच व्हती, वैनी. लाईट सकाळपासून नव्हती."

"मंग ढकललं कुनी?"

"तेच कळंना. म्हनून घरी कुनाला बोललो न्हाई."

"अवो, तुमचे भाऊ आज तिथंच उतरनार हैत!"

दैवशालानं घाईघाईनं नवऱ्याला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"हॅलो, कुठं हाव तुमी?"

"हिरीच्या पायऱ्यावर. उतरायलोय."

"उतरू नका! लेकराची आन हाय, आधी वर या."

निकिता पुढे झुकली.

"बरं बाई, आलो वर. पन सुग्रीवला कसं सोडू?"

"म्हंजे?"

"खालीच हाय की तो. हात अडकला म्हून मघापासून हाका मारायलाय."