चामडं, कापड आणि रिकामा हुक

...नाही, तुम्हीच सांगा, माणूस जॅकेट घ्यायला दुकानात जातो तेव्हा दुकानदाराने काय विचारावं? माप विचारावं, रंग विचारावा, फार तर पाणी हवंय का विचारावं! या गृहस्थाने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, चष्मा कपाळावर चढवला आणि पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात ना, तशा हळू आवाजात विचारलं, "साधारण कुठल्या बाजूला पडता?"

पडता! अहो, मी अजून गाडीवर बसलोसुद्धा नव्हतो!

म्हटलं, "मी पडत नाही." तर हसला. आणि हसला तेही कसं... सगळं माहीत आहे पण आपल्या तोंडून नको, असं! "सगळे हेच म्हणतात," म्हणाला. "डावखुरे आहात? नाही ना? मग उजवीकडे. उजवं कोपर सांभाळू आपण." सांभाळू म्हणे! कोपर माझं, पडणार मी, आणि सांभाळणार हा!

तुम्हाला सांगतो, साधं जॅकेट घ्यायला गेलो होतो हो मी. साधं जॅकेट!

त्याचं काय झालं, जन्म गेला बसच्या रांगेत. पन्नाशी आली, म्हटलं आता तरी वारा खाऊ, म्हणून ऑफिसातल्या एकाची जुनी मोटरसायकल घेतली. घरी आणून खाली उभी केली, बायकोला खिडकीत बोलावलं. आता आमची ही नर्स. नर्स म्हणजे सर्दी-खोकल्याची नव्हे, अपघात विभागात! गादीवर ओला टॉवेल पडला तर अर्धा तास बोलणारी बाई... तिने गाडी बघितली आणि एक अक्षर बोलली नाही. एक अक्षर! मी वर गेलो, तर हिने शांतपणे माझ्या हातातली किल्ली घेतली, पिठाच्या डब्यात टाकली, झाकण दाबून लावलं आणि म्हणाली, "आधी जॅकेट आणा. मी तपासणार. मग किल्ली."

झालं! आता जॅकेट कुठलं? चामडं की कापड? विचारायची खोटी, जो तो तज्ज्ञ! मेहुणा म्हणाला, "भाऊजी, डोळे मिटून चामडं घ्या. घासत नाही, फाटत नाही. माझ्या एका मित्राकडे होतं..." म्हटलं, "होतं म्हणजे?" म्हणाला, "म्हणजे, आता तो गाडी चालवत नाही." म्हटलं, "का रे?" तर खिडकीबाहेर बघत म्हणतो, "जाऊ द्या."

आता हे 'जाऊ द्या' आलं की माणसाने काय समजायचं?

ऑफिसात कॅशियर म्हणाला, "छे छे साहेब, कापडीच! हलकं, हवा खेळती. आमच्या काकांनी हौसेने चामड्याचं घेतलं, भर उन्हात सिग्नलला उभे होते, आली चक्कर." "मग?" मी विचारलं. "मग काय! जॅकेट अजून नव्यासारखं आहे. काकूंनी जपून ठेवलंय." अहो, मी काकांचं विचारतोय, हा जॅकेटचं सांगतोय!

तर असा सगळ्यांचा आशीर्वाद घेऊन मी दुकानात. आधी चामड्याचं चढवलं. वजन असं की कुणीतरी पाठुंगळी बसलंय! हात वर केला तो खाली येईना. म्हटलं, "हे आखडतंय हो." तो म्हणाला, "नवं आहे. दोनेक वर्षांत अंगाला बसेल." आणि थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि पुटपुटला, "तेवढा वेळ मिळाला तर." मग कापडी दिलं. हलकं, मऊ, कप्पेच कप्पे. छातीशी आतल्या बाजूला एक छोटा कप्पा. म्हटलं, "हा कशाला?" "त्यात चिठ्ठी ठेवायची. रक्तगट आणि घरचा नंबर. पुढे आपल्याला बोलता येईलच असं नाही ना!"

आणि भिंत! भिंतीचं सांगायचंच राहिलं! गल्ल्यामागे एक आख्खी भिंत, ओळीने हुक, आणि हुकांवर जुनी जॅकेटं. कुणाची पाठ घासलेली, कुणाची बाही लोंबतेय, कुणाच्या कॉलरवर... मी कॉलर बघितलीच नाही. मला वाटलं दुरुस्तीला आलीत. "नाही नाही," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला! "आमची पद्धत आहे. आमच्याकडचं जॅकेट पडून फाटलं की परत आणायचं. नवं फुकट. जुनं इथे टांगायचं. हे शाळामास्तरांचं... हे एका बेकरीवाल्याचं, आठवड्यात आला बिचारा..." आणि ओळीच्या शेवटी एक हुक रिकामा. मी कापडी जॅकेटची चेन लावली, तर हा एकदा माझ्याकडे बघतो, एकदा हुकाकडे. एकदा माझ्याकडे, एकदा हुकाकडे! शिंपीसुद्धा इतकं बारकाईने माप घेत नाही हो!

साधं जॅकेट घ्यायला गेलो होतो मी... घेतलं कापडी आणि पळालो.

घरी आलो. अंगात घालूनच आलो, म्हटलं जरा रुबाब दिसेल. ही नुकतीच ड्यूटीवरून आलेली. सगळीकडून फिरून बघितलं, शिवण चाचपली आणि म्हणाली, "आडवे व्हा."

"आडवा? कशाला?"

"व्हा म्हटलं ना!"

झालो. इतक्या वर्षांचा संसार, आडवे व्हा म्हटलं की होतो आपण! तिने पर्समधून कात्री काढली. ती त्यांची वॉर्डातली, वाकड्या नाकाची. आणि मी 'अगं' म्हणायच्या आत... खर्रर्र! मनगटापासून सरळ खांद्यापर्यंत! नवंकोरं जॅकेट! "अगं, अगं काय करतेस!" "हलू नका," ती म्हणाली. बाही बाजूला केली, माझा हात मोकळा केला, आणि मोठा श्वास सोडला. "जमतं," म्हणाली. "चामड्याला कात्री अडते हो. जोर लावावा लागतो. आणि तोवर..."

मग कात्री पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दारातून स्ट्रेचर आत येतं ना, तेव्हा आधी पाय दिसतात. मी चेहरा नाही बघत. बूट बघते. तुम्ही गाडी आणल्यापासून, किल्ली डब्यात असूनसुद्धा, रोज बूट बघते. तुमचे नसले की मग कामाला लागते."

हसा तुम्ही, मलाही आधी हसूच येत होतं. पण तसाच पडून राहिलो, एक बाही उघडी टाकून, दाराशी काढलेल्या माझ्याच बुटांकडे बघत.

थोड्या वेळाने म्हटलं, "मग किल्ली?" तर म्हणते, "हे असलं फाटकं घालून जाणार? दुसरं आणा!"

अगं पण फाडलं कुणी!

पुन्हा दुकान. मी काउंटरवर जॅकेट ठेवलं. त्याने ती बाही बघितली, चष्मा काढला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उजवीच," म्हणाला. म्हटलं, "अहो तसं नाही, ही माझ्या बायकोने..." "बोलू नका, त्रास होईल. हा काप ओळखतो मी. दवाखान्याची कात्री. वहिनी सावरल्या का?" आणि मला तोंड उघडू देईल तर शपथ! माझं जॅकेट सन्मानाने शेवटच्या हुकावर टांगलं, चामड्याचं एक माझ्या हातात दिलं, आणि दारापर्यंत धरून सोडायला आला. धरून!

ते घरी नेलं. कात्री मनगटापाशीच अडली. ही म्हणाली, "हे नाही चालणार." आणि बाहीत अडकलेली कात्री सोडवत बसली.

म्हणून परवा ते परत करायला गेलो, तर दुकानात एक नवीन जोडपं. हा माझं जॅकेट दाखवतोय! "एक गृहस्थ होते. पन्नाशीचे. पहिलीच गाडी, पहिलाच दिवस..." त्या मुलीने नवऱ्याचा हात घट्ट धरला. "मग? ते आता...?" दुकानदाराने वळून बघितलं, दारात मी. मला वाटलं, आता सांगेल. तर मान खाली घातली आणि म्हणाला, "जाऊ द्या."

आणि मीही मान खाली घातली! काय करणार? त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं हो, तेही माझ्यासाठी! आजवर कुणी रडलं नव्हतं माझ्यासाठी. चामडं तसंच दाराशी ठेवलं आणि आवाज न करता निघालो, सरळ बसच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

आता ही निवांत आहे. स्ट्रेचर आलं की सरळ चेहरा बघते म्हणे, बूट नाही. गाडी खाली उभी आहे, किल्ली पिठात आहे, आणि मी शेवटच्या हुकावर. चामडं की कापड, मला विचारू नका... मेलेल्या माणसाला काय, काहीही चालतं!