तेलातलं कुंकू

(सोलापूर, १९७०चं दशक. दसऱ्याची दुपार. मिलच्या ऑफिसातली थंडगार खोली. कपाटाएवढ्या कॉम्प्युटरपुढे चंद्रव्वा उभी आहे, मागे स्टुलावर तिची सासू अक्कम्मा, आणि दारात वॉचमन तात्याबा.)

अक्कम्मा : आता का थांबलं गं हे? चांगलं घरघर करत होतं की.

चंद्रव्वा : थांबलं नाही अत्ती, सुरूच झालं नाही. घरघर पंख्याची आहे.

अक्कम्मा : आणि ते लाल दिवे?

चंद्रव्वा : ते नुसते पेटलेत. मशीन चालू असतं तर पळताना दिसले असते. खाली ठेवायचं एखादं बटण मी वर ठेवलं असणार. आता परत पहिल्यापासून.

अक्कम्मा : तात्याबा, हे सगळं तुझ्यापायी हाय बघ.

तात्याबा : आता म्या काय केलं, अक्का? काल खंडेनवमी. पूजा झाल्यावर हत्याराला इसावा द्याचा का न्हाय? मागखात्यात समद्या मागांची लाईन काढली. म्हनलं, ह्या बिचाऱ्यानंच काय पाप केलंय? वडला खटका.

चंद्रव्वा : चालू मशीनचा खटका ओढलात तात्याबा! सगळं विसरून बसलंय ते.

तात्याबा : आता बगा. आमची मेंढरं दिसभर इसावा घेत्यात, तरी घरचा रस्ता इसरत न्हाईत. आन् ह्ये म्हनं इलायतेचं डोकं.

अक्कम्मा : गप की तू. चंद्रव्वा, म्हणजे ह्याला आता कायच येत न्हाई?

चंद्रव्वा : काहीच नाही. वाचायचं कसं तेसुद्धा नाही. म्हणून आधी ही बटणं वर-खाली करून हातानं तेवढं शिकवायचं. मग ही टेप लावायची. ही बघा, घडी घातलेली कागदी पट्टी. तिच्यावर भोकं आहेत ना, त्यात ह्याचं सगळं शहाणपण भरलंय. ते त्यानं आपलं आपण वाचून घ्यायचं. एकदा शेवटपर्यंत वाचलं की झालं कामाला तयार.

अक्कम्मा : आणि न्हाई वाचलं तर?

चंद्रव्वा : उद्या सकाळी मॅनेजरसाहेब मुंबईहून येतायत. सोबत एक माणूस आणणार आहेत, माझ्या जागेवर बसवायला. जाताना मला म्हणाले, आल्यावर मशीन नीट चालू दिसलं तर तो बघून परत जाईल. नाही दिसलं तर तो इथं, आणि तुम्ही पलीकडं टायपिंगला.

अक्कम्मा : टायपिंगला! असं तोंडावर म्हणला?

चंद्रव्वा : हसत हसत म्हणाले.

अक्कम्मा : हसू दे मेल्याला. तू कर. मी बोलत न्हाई आता.

चंद्रव्वा : बोला तुम्ही. खोलीत कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं.

अक्कम्मा : मग बोलते की. अगं, घरी पाहुणे येऊन बसले असतील. करमाळ्याचे. आपल्या शांताचं सासर. ती विहीणबाई गेल्या दसऱ्याला काय म्हणली, माहिती हाय का? सून मिलमधी जाती म्हणे, घरात भाकऱ्या कोण थापतंय? मी म्हणलं, मी थापते. मला हात हायत की.

चंद्रव्वा : झालं, ही बटणांची शेवटची ओळ. आता बघा वर. पळाले की नाही दिवे?

अक्कम्मा : अय्य, पळालेत की!

चंद्रव्वा : आणि ही टेप चालली. चालली बघा अत्ती. सरळ जा रे बाबा, सरळ जा.

तात्याबा : थांबलं जनू.

चंद्रव्वा : थांबलं.

अक्कम्मा : आता बटणं तर बरोबर होती की?

चंद्रव्वा : बटणं बरोबर होती, म्हणून तर टेप चालली. आता वाचण्यात घोटाळा होतोय. टेपखाली एक काच असते, तिच्यावर धूळ बसली असेल. बघते. हे पांढरं काय आहे? राख? अत्ती!

अक्कम्मा : राख काय म्हणतीस, विभूती हाय ती. तीन बोटं लावली काल पूजेत. कपाळ कुठलं ते कळंना, तर म्हणलं काच दिसली, हेच असंल.

तात्याबा : डोळ्यातच घातली की ओ अक्का तुमी!

चंद्रव्वा : असू दे. पुसते. स्पिरिट आहे कपाटात. असं. आता लख्ख झालं. तात्याबा, दार तेवढं ओढून घ्या, धूळ येतीय. परत बटणं लावते.

तात्याबा : बाईसाहेब, फाटकावर तुमचा घाण्यावरचा गडी आलाय, चन्नप्पा. घरला बोलिवलंय म्हनतो. पाव्हनं आलं.

अक्कम्मा : थांब म्हणावं त्याला.

चंद्रव्वा : चालली टेप. बघा, चालली. आणि थांबली!

अक्कम्मा : शिवा शिवा. मशीनच मोडलं का गं?

चंद्रव्वा : एक मिनिट. मघाशी थांबली तेव्हा पेन्सिलीनं खूण केली होती मी. बघू. त्याच खुणेवर थांबली. बरोबर त्याच जागी!

अक्कम्मा : मग त्यात खूश व्हायला काय झालं?

चंद्रव्वा : अहो, मशीन मोडलं असतं तर कुठंही थांबलं असतं. एकदा इथं, एकदा तिथं. दोन्ही वेळा एकाच जागी थांबलं म्हणजे मशीन चांगलं आहे. खोट टेपमध्ये आहे, आणि नेमकी इथंच आहे. खिडकीत धरून बघते.

तात्याबा : काय दिसलं?

अक्कम्मा : चंद्रव्वा? काय दिसलं गं?

चंद्रव्वा : काही नाही. डाग आहे. वंगण उडालं असेल.

अक्कम्मा : इकडं दाखव.

चंद्रव्वा : राहू द्या ना अत्ती, मी करते काहीतरी.

अक्कम्मा : दाखव म्हणते की. हे वंगण? तेल्याच्या घरात जन्म गेला माझा, मला शिकवतीस? करडईचा वास येलालाय ह्याला. आणि लाल वंगण कुठल्या देशात असतंय गं? माझं कुंकू हे.

चंद्रव्वा : अत्ती...

अक्कम्मा : लोखंडावर कोरडं कुंकू टिकत न्हाई. घाण्याला लावायचं म्हणून दरसाली तेलात कालवते. तेच घेऊन आले हितं. तू म्हणलीस, ह्या पट्टीतच ह्याचा जीव हाय. मग म्हणलं, जीवाला पहिलं लावावं. चांगलं बोट भरून लावलं.

चंद्रव्वा : आणि घडीत मुरलं ते. इथंही आहे, ह्या खालच्या घडीवर पण, त्याच्या खाली पण.

तात्याबा : पर भोकं तर बुजल्याली न्हाईत की, बाईसाहेब. मंग अडतंय कुटं?

चंद्रव्वा : बुजली नाहीत, उलट जास्तीची झालीत. भोकातून उजेड आरपार जातो, तो मोजून हे वाचतं. आता तेलानं कागद कसा होतो? भजी बांधून आणलेला कागद दिव्यापुढं धरला तर?

तात्याबा : पल्याडचा दिवा दिसतो.

चंद्रव्वा : तसंच झालंय. भोक नाही तिथूनही उजेड जातोय, आणि ह्याला वाटतंय भोक आहे. मग भलतंच काही वाचून अडकून बसतंय.

अक्कम्मा : दुसरी पट्टी न्हाई का?

चंद्रव्वा : मुंबईला आहे. मागवली तर आठवड्यानं येईल.

अक्कम्मा : आख्ख्या शुक्रवार पेठेशी भांडले गं मी. तुझ्या सासऱ्याला सांगितलं, ह्या पोरीचं डोकं चालतंय, हिला घाण्याला जुंपायचं न्हाई. तुझा नवरा चनबसप्पा काय बोलंना, तर त्यालापण सांगितलं. आणि आता माझ्याच बोटानं तुझी खुर्ची घालवली. लई वाईट वाटलालंय मला. ह्याच्यापरीस ती विहीण बरी की, नुसती तोंडानं बोलली.

चंद्रव्वा : असं म्हणू नका. मीच बोलावलं तुम्हाला. काल तुम्ही डोक्यावर पदर घेऊन ह्याच्यापुढं हात जोडलेत ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे आपल्या घरचं काम आहे. तोवर मी रोज चोरून आल्यासारखी यायची.

अक्कम्मा : चोरून? का म्हणून चोरून?

चंद्रव्वा : सगळ्या पेठेच्या खिडक्या बघतात ना.

अक्कम्मा : त्यांना दुसरं काम न्हाई.

तात्याबा : मी म्हंतो, रॉकेल लावून पुसावं. कापडावरलं तेल जातंय त्येनं.

चंद्रव्वा : नको! कागद आणखी पातळ होईल. कुणी हात लावू नका. मला विचार करू द्या. तेल काढायची गरजच नाही. उजेड तेवढा अडवायला पाहिजे. जिथं भोक नाही तिथं काळं केलं की झालं. पेन्सिल कुठाय?

अक्कम्मा : हे घे. उमटतीय का?

चंद्रव्वा : नाही. तेलावरून घसरतीय. शाईपण ओघळेल. ओलं नको, कोरडं पाहिजे. कोरडं आणि काळं, तेलाला चिकटून बसेल असं.

तात्याबा : कोळसा?

चंद्रव्वा : त्याच्याहून बारीक. काजळी! अत्ती, कालचं पूजेचं ताट आहे का इथं?

अक्कम्मा : व्हरांड्यात झाकून ठेवलंय की. निरांजनात तेल बी हाय.

चंद्रव्वा : बाहेरच लावा ते, इथं धूर नको. वर चहाची बशी पालथी धरा. धरेल तितकी काजळी धरू दे.

अक्कम्मा : तात्याबा, चल. काडेपेटी काढ. आणि बशी मी धरते, तू धरलास तर पाडशील.

तात्याबा : पंचिवीस मेंढरं घिऊन बाहत्तरच्या दुष्काळात सांगोल्यावनं चालत आलो, एक पाडलं न्हाय. आन् बशी पाडतोय व्हय!

अक्कम्मा : वाऱ्याकडं पाठ कर. हां. कशी जमलाली बघ. चंद्रव्वा, ही घे. बोटाला लागू दे, साडीला लावू नको.

चंद्रव्वा : चिकटली! बघा, डागावरच बसतीय, बाकी कागदाला धरत नाही. आता भोकांत जायला नको. अत्ती, पदराची पिन द्या. तुम्ही असं खिडकीपुढं धरा, मी एकेक भोक मोकळं करते. हलू नका.

अक्कम्मा : श्वास घेऊ का?

चंद्रव्वा : हळू घ्या.

अक्कम्मा : आता घाबरलेली दिसत न्हाईस बघ.

चंद्रव्वा : आता कुठं अडलंय ते कळलं ना. कळत नव्हतं तोवर भीती होती. ही घडी झाली. पुढची धरा. आता शेवटची. हां. आता बटणं. तात्याबा, बोलू नका जरा.

तात्याबा : म्या कुटं बोल्लो?

अक्कम्मा : आत्ता बोललास की.

चंद्रव्वा : दिवे पळाले. टेप चालली.

अक्कम्मा : खूण आली का?

चंद्रव्वा : येतीय. आली. गेली! गेली अत्ती, खुणेच्या पुढं गेली! दुसरा डाग पण गेला. आता शेवटचा.

अक्कम्मा : सिद्रामेश्वरा, पार कर बाबा. वाटलं तर मला शिक्षा कर, पोरीला नको.

चंद्रव्वा : संपली टेप. सगळी वाचली त्यानं.

तात्याबा : अगागा! त्ये यंत्र आपलं आपुन छापायलंय की!

अक्कम्मा : काय छापलं गं? काय म्हणतंय ते?

चंद्रव्वा : तयार आहे म्हणतंय. काय करू, सांगा म्हणतंय.

अक्कम्मा : कुणाला इचारतंय?

चंद्रव्वा : मला.

अक्कम्मा : रडलालीस का? वेडी हाय बघ. ये इकडं. अय्य, काजळी लागली की गालाला!

चंद्रव्वा : लागू दे. अत्ती, मला इतका आनंद झालाय ना, की आता ह्याला हातच लावू नये वाटतं. असंच चालू ठेवते सकाळपर्यंत. तात्याबा, रात्रभर ह्या खोलीकडं फिरकायचं नाही.

तात्याबा : कान धरले, बाईसाहेब.

अक्कम्मा : आणि उद्या तुझा साहेब म्हणला, बंद कर आणि माझ्यासमोर सुरू कर, तर?

चंद्रव्वा : असं कशाला म्हणतील?

अक्कम्मा : हसत हसत म्हणंल की. बरोबर मुंबईचा माणूस असंल. मग तू दिव्यांकडं बघशील का त्या दोघांच्या तोंडाकडं?

चंद्रव्वा : तोंडाकडंच बघेन.

अक्कम्मा : पुसून टाक ह्याच्या डोक्यातलं सगळं. आणि परत घाल.

चंद्रव्वा : आत्ता? अहो, आत्ताच तर लागलंय. परत नाही लागलं तर? काजळी निघाली तर?

अक्कम्मा : निघाली तर परत लावू, निरांजन तिथंच हाय. आज मागं मी बसले. मी काय बोलणार न्हाई, हसणार न्हाई. माझ्यापुढं चुकून घे काय चुकायचं ते. उद्या मग तुला कुणाचं तोंड बघायला लागणार न्हाई.

चंद्रव्वा : घरी पुरणाची होळगी गार होईल.

अक्कम्मा : तुपाशी गारच चांगली लागते. तू कर.

चंद्रव्वा : बरं. पुसते. गेलं सगळं. आता परत कोरं झालं.

तात्याबा : अक्का, त्यो चन्नप्पा लई घाईला आलाय. पाव्हनं सोनं द्याला खोळंबल्यात म्हनतो. विहीनबाई इचारत्यात, सून कुटं हाय. काय सांगू?

अक्कम्मा : जेवायला बसा म्हणावं. सून कामावर हाय.