वानखेडेभाऊंचं खातं

वानखेडेभाऊ आठवतात का तुमाले, कोहका गावचे? आमच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर जोडणारा नेटवर्क स्विच त्यांनीच बसवला होता, अन् त्याच्या सेटिंगमधी सगळे त्यांच्याच पासवर्डनं जायचे. मग नियम आला, प्रत्येकाचं वेगळं खातं. कोणी फक्त पाहायचं, कोणी बदल करायचे. खाती सांभाळायचं काम माझ्याकडं आलं.

भाऊ रिटायर झाले त्या दिवशी त्यांचं खातं काढायचं होतं. मी म्हटलं, "भाऊ, पाहण्यापुरतं राहू देतो. कोणाले समजते?"

भाऊ खुर्ची ओढून बाजूले बसले. "कावून? उद्या माझ्या नावानं कोणी घुसलं तर? काढ. मी आहो ना इथं."

मी काढलं. भाऊंनी लगेच आपला पासवर्ड टाकून पाहिला. स्विचनं घेतला नाही.

चष्मा पुसत म्हणाले, "पक्कं शिकलास रे. चाल, आता चहा पाज."