शंभर कोटी सात

घराला नाव द्यायची हौस कोणाला नसते? लोक ‘मातोश्री’ लिहितात, आमच्या हसनाबादच्या गणिताच्या सरांनी नव्या घराच्या गेटवर आकडा लिहायला सांगितला. शंभर कोटी सात! का, तर ती मूळ संख्या. एक अन् ती स्वतः सोडली तर तिला कशानंच भाग जात न्हाई.

वास्तुशांतीला सर गेटकडं पाठ करून हेच समजावून राह्यले अन् पाहुणे माना डोलवून राह्यले. मी गेटकडं पाह्यलं, तर शंभर कोटी एक!

पेंटर तिथंच जेवत होता. म्हटलं, “अन्वरभाई, सात कुठं गेला?”

“शुभ कामात शेवटी एकच पाहिजे ना! आहेर एकशे एकचा करता का एकशे सातचा?”

मी मोबाईलवर भाग लावला. जो सात त्यानं उडवला, त्याच सातनं बराबर भाग गेला! सरांना दाखवलं, तर हातातला लाडू हातातच.

गेट परत रंगवायला सरांच्या बायकोनं बिलकुल नकार दिला. “शुभ हाय, राहू द्या.”

मंग आता सर काय सांगतात? “बघा, एवढा मोठा आकडा, पण सातनं बराबर भाग जातो!”

अन् तेच पाहुणे, तशाच माना डोलवून राह्यलेत.