कागदावर एकही मूल नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय शिक्षणाधिकारी साहेब, मुख्याध्यापक सर, व्यासपीठावरचे सगळे मान्यवर, शिक्षकवर्ग, पालक बंधुभगिनींनो, मुलांनो, आणि ज्यांना आज आपण निरोप देतोय त्या आमच्या वाचनाच्या बाई,

पालकांतर्फे दोन शब्द बोलायला मला सांगितलंय. मी शिलाईकाम करते. माझी कात्री जास्त चालते की जीभ, ते घरी विचारा.

बाई इथे आल्या तेव्हा सरांनी मोठ्या मनाने त्यांना खेळाच्या सामानाची खोली दिली. सामान मात्र तिथेच राहिलं. हवा गेलेले चेंडू, फाटकी जाळी आणि मधे बाई, समोर अक्षरं गिरवायला रेतीचं तबक. माझी थोरली तेव्हा चौथीत होती. 'भ' काय आणि 'म' काय, तिला सारखेच. वर्गात तिला ढ म्हणायचे, घरी सासूबाई म्हणायच्या, "आईवर गेलीय!" बाईच पहिल्यांदा म्हणाल्या, "ताई, पोरगी हुशार आहे. हा डिस्लेक्सिया आहे. तिला वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागेल, एवढंच." मी तिथेच बाकावर बसून रडले. आज थोरली गोष्टीचं पुस्तक हातात असलं की जेवायला हाक मारली तरी ओ देत नाही. कार्टी!

मग अशा बाईंना निरोप कशासाठी? वय झालं? छे! बढती मिळाली? तेही नाही. शाळेत आता अशी मुलंच उरली नाहीत म्हणून पद रद्द, आणि बाईंची बदली कार्यालयात, टपालावर शिक्के मारायला. मुलं कशी उरली नाहीत, तेही ऐका. पदाचा फेरविचार चालू आहे म्हणून गेल्या वर्षी नव्या मुलांची तपासणी थांबवली. तपासणी नाही, म्हणून कागदावर मुलं नाहीत. मुलं नाहीत, म्हणून बाई नकोत. वा रे न्याय! थर्मामीटर फोडला आणि म्हणे घरात कुणाला ताप नाही.

सर, खाकरू नका, संपवतेच आहे.

मघाशी बाईंच्या कामाचं केवढं कौतुक झालं! पुष्पगुच्छ काय, टाळ्या काय. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. राग येतो हो, खरंच राग येतो.

माझी धाकटी दुसरीत आहे. तिचंही थोरलीसारखंच. तिला तपासलेलं नाही, त्यामुळे तुमच्या लेखी ती नाहीच. सकाळी वेणी घालताना म्हणाली, "आई, ताईचं झालं. आता बाईंकडे माझा नंबर ना?" मी नुसती वेणी घट्ट ओढली.

बाई, तुमचे आभार कसे मानू? माझी लेक तुम्ही माणसात आणलीत. बोलायची संधी दिली त्याबद्दल संयोजकांचेही आभार. तोंडून काही कमी-जास्त गेलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. फक्त साहेब, आपलं भाषण अजून व्हायचंय. धाकटीला मी काय सांगायचं, ते आपणच सांगा. ती बघा, पहिल्या रांगेत बसलीय. तिला वाचता येत नाही, पण ऐकू सगळं येतं.