दर सोमवारचं काम

डोळ्यांच्या दवाखान्यात शिक्षिका आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांत थेंब घातलेले. त्यांचा फोन वाजला, तेव्हा तिनेच तो स्पीकरवर लावून त्यांच्या हातात दिला.

“सर, डेटाबेसचा सर्व्हर बसलाय. डिस्क भरलीय म्हणतो. लॉग उडवू का?”

“हात लावू नकोस! सकाळपासूनच्या नोंदी त्यातच आहेत. आधी जुने बॅकअप दुसऱ्या डिस्कवर हलव, मग चालू कर.”

“हलवतो... थांबा हं... उठला, सर! लॉग वाचून आपला आपण सावरतोय.”

“सावरणारच. बॅकअप मी दर सोमवारी हाताने हलवायचो, म्हणून डिस्क कधी भरली नाही.”

“निवृत्त होताना बोलला नाहीत ते?”

“म्हटलं, अडलं की फोन कराल.”

“आता ते आपोआप होईल असंच करून टाकतो. तुम्हाला पुन्हा त्रास नको.”

“त्रास कसला रे? मी तर घरीच...”

फोन कट झाल्याचा आवाज शिक्षिकेनेही ऐकला. गृहस्थांनी फोन हळूच कानाला लावला.

“हो, हो, जेवलो की. तू जेवलास का?”