पीयूषची छुट्टी

खजरानाच्या गणपतीच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

“उर्वी, पीयूषच्या प्लांटचं शेड्यूल तूच बनवते ना?”

“मी नाही आई, कॉम्प्युटरचं मॉडेल बनवतं. मी त्याचं गणित लिहिते. भट्टीतलं स्टील थांबत नाही ना, थंड व्हायच्या आत ओतावंच लागतं. कोणती भट्टी केव्हा, कोणाची ड्युटी केव्हा, सगळं ते जमवतं.”

“मग त्याला सांग, माझ्या पोराला चार दिवस सोड. वर्ष झालं, छुट्टीच मिळत नाही म्हणतो.”

“त्याची छुट्टी मॉडेलमध्ये टाकून पाहिली होती, आई. राखीच्या वेळेस.”

“नाही जमलं?”

“जमलं. एकही भट्टी थांबत नव्हती. त्याचे साहेब पण हो म्हणाले. मी त्याचं घरी यायचं तिकीटसुद्धा बघून ठेवलं होतं.”

“मग?”

“त्याला फोन केला. म्हणाला, राहू दे, दुसऱ्या कोणाला देऊन टाक.”

“मला तर म्हणाला, छुट्टी कॅन्सल झाली.”

“हो, आई.”

“अच्छा.”

“चला, रांग सरकली.”

“उर्वी.”

“हं?”

“दिवाळीचं टाकून बघ ना एकदा.”